जुन्या मोटारीने तारलेला कारखाना

'कमिन्स' हे नाव पुणेकरांना नवे नाही. किर्लोस्करांच्या सहकार्याने १९६२ मध्ये ही अमेरिकी कंपनी पुण्यात आली. तिचे संस्थापक क्लेसी कमिन्स हे मुळात मोटारचालक होते आणि त्यांचा कारखाना तगला तो एका वापरलेल्या मोटारीमुळे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

इंडियाना राज्यात १८८८ मध्ये जन्मलेल्या कमिन्स यांचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतच झाले. कोलंबस येथील बँकमालक विल्यम इर्विन यांच्याकडे ते चालक व मेकॅनिक म्हणून कामाला लागले. इर्विन यांच्याच भांडवलावर १९१९ मध्ये इंजिनांचा कारखाना निघाला. पुढची दहा वर्षे तोट्यात गेली. 'सिअर्स रोबक'मार्फत विकलेली इंजिने शेतकरी काम उरकल्यावर परत पाठवू लागले. माल परत घेण्याची सवलत कारखान्याच्या मुळावर आली. त्यातच १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला.

डिझेल इंजिन त्या काळी जहाजांवर किंवा कारखान्यांतच दिसे. त्यात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत तेल पेट घेते. तो दाब सोसायचा तर इंजिन दणकट हवे, म्हणजे जडही. ते मोटारीत शिरेल कसे? कमिन्स यांनी जुनी पॅकार्ड लिमोझिन घेतली, तिचे पेट्रोल इंजिन काढले आणि होड्यांसाठी बनविलेले आपले चार सिलिंडरचे 'मॉडेल यू' तेथे बसविले. १९२९ च्या नाताळात त्यांनी इर्विन यांना त्या गाडीतून फिरवून आणले. हिशेबाच्या वह्यांनी जे साधले नसते, ते त्या फेरीने साधले. इर्विन पुन्हा पैसे घालण्यास राजी झाले.

जानेवारी १९३० मध्ये कमिन्स हीच गाडी घेऊन इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनास निघाले. सुमारे ८०० मैलांच्या प्रवासात इंधनाला खर्च आला अवघा १.३८ डॉलर! प्रदर्शनात जागा मिळाली नाही, तेव्हा त्यांनी समोरच जागा भाड्याने घेऊन गाडी मांडली. १९३१ मध्ये त्यांच्या डिझेल मोटारीने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत एकदाही न थांबता पूर्ण केली. ट्रकवाल्यांचे लक्ष आता या इंजिनाकडे वळले. नफ्याचे तोंड मात्र कारखान्याला १९३७ मध्ये दिसले.

त्याच १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील कहोन घाटात त्यांच्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले आणि रेल्वे फाटकावरची धडक थोडक्यात टळली. उतारावर इंजिनाच्याच दाबाने वाहनाचा वेग आवरणारा ब्रेक त्यांनी उतारवयात सिद्ध केला. १९६१ पासून तो बाजारात आला. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातच त्यांचे निधन झाले.