हक्काचे मैदान : अँड्र्यू ‘रूब’ फॉस्टर

गुलामगिरी कायद्याने संपून अवघी चौदा वर्षे झाली होती, तेव्हा १७ सप्टेंबर १८७९ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील कॅल्व्हर्ट गावी अँड्र्यू फॉस्टर यांचा जन्म झाला. वडील आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीचे पाळक. मुलाने मात्र बेसबॉलचा ध्यास घेतला. आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड, तेच तेथे या खेळाचे. धिप्पाड देहाचे फॉस्टर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, म्हणून तरुणपणीच गाजले आणि ‘रूब’ या टोपणनावाने ओळखले जाऊ लागले.

परंतु मोठ्या व्यावसायिक संघांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. लेखी नियमाची गरजच नव्हती. गोऱ्या मालकांचा अलिखित संकेत पुरेसा होता. कृष्णवर्णीयांनी आपले संघ उभारले, पण मैदाने परक्यांची. मालकाचा संघ परगावी गेला की भाडे भरून खेळायचे. तिकिटांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा मालक आणि दलाल नेत. अनेक ठिकाणी कपडे बदलण्याच्या खोल्याही त्यांना वापरू देत नसत. घाम आपला आणि अंगण दुसऱ्याचे, हे शल्य फॉस्टर यांना सतत बोचत होते.

१९१० साली शिकागोच्या व्हाइट सॉक्स या गोऱ्या संघाने एकोणचाळिसाव्या रस्त्यावरील आपले जुने मैदान सोडले. पुढच्याच वर्षी फॉस्टर यांनी जॉन शॉर्लिंग या गोऱ्या व्यावसायिकाशी भागीदारी करून ‘शिकागो अमेरिकन जायंट्स’ हा संघ तेथे आणला. आता सामन्यांचे वेळापत्रक दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाही. खेळाडूंना नियमित वेतन मिळू लागले आणि संघ रेल्वेच्या खास डब्यातून प्रवास करू लागला.

एका संघाच्या भाग्याने सर्वांचे दैन्य फिटणार नव्हते. १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटी येथील वाय.एम.सी.ए.च्या इमारतीत त्यांनी संघमालकांना एकत्र आणले आणि आठ संघांची ‘निग्रो नॅशनल लीग’ स्थापन झाली. पहिली तीनही अजिंक्यपदे त्यांच्याच संघाने मिळवली. अध्यक्ष या नात्याने ते उत्पन्नाचा पाच टक्के वाटा घेत व स्वतःचा संघही चालवीत, म्हणून त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप झाला; तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मात्र अडचणीतील संघांना त्यांनी पदरचे पैसेही दिले.

१९२५ मध्ये इंडियानापोलिस येथे गॅसगळतीत ते मरता मरता वाचले. पुढच्या वर्षी मनोविकाराने ग्रासले आणि त्यांना कँककी येथील इस्पितळात ठेवावे लागले. संघाचा ताबा शॉर्लिंग यांच्याकडे गेला. ज्या मैदानावर त्यांनी आपल्या लोकांना ताठ मानेने उभे केले, ते त्यांच्या मालकीचे कधीच झाले नव्हते. ९ डिसेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. कडाक्याच्या थंडीत हजारो लोक अंत्यदर्शनासाठी रांगेत उभे होते.

१९३१ अखेर लीग बंद पडली. १९४० च्या नाताळच्या दिवशी ते लाकडी प्रेक्षागार आगीत भस्मसात झाले. तेथे पुढे निवासी वसाहत उभी राहिली. पण पेरलेले वाया गेले नाही. इतरांनी नव्या लीग उभारल्या, आणि त्यांतूनच आलेल्या जॅकी रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत ओलांडली. १९८१ मध्ये बेसबॉलच्या सन्मानमंदिरात फॉस्टर यांचे नाव कोरले गेले. २०२० मध्ये, लीगच्या शताब्दी वर्षी, अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल संघटनेने त्या जुन्या लीगना प्रमुख दर्जा दिला. मैदान जळाले, तेथे मिळालेली प्रतिष्ठा मात्र जळाली नाही.