रेव्हरंड टिळक : आदरधर्माची साधना

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राचा विचार धर्मांतर या एका घटनेभोवती करण्याची प्रथा आपल्या वाङ्मयेतिहासात रूढ आहे. त्यामुळे त्यांच्या आयुष्याचे धर्मांतरापूर्वीचे आणि धर्मांतरानंतरचे असे दोन तुकडे पडतात. या दोन्ही तुकड्यांना जोडणारे सूत्र कोणते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. इतरांविषयीचा आदर हा ख्रिस्ती माणसाने आचरावयाचा धर्मच आहे, ही टिळकांची क्रमाने दृढ होत गेलेली धारणा हे ते सूत्र होय, असे म्हणता येईल. ही धारणा त्यांना सहज साधली नाही, हेही त्याबरोबरच नोंदवावे लागते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव तापट व करडे, तर आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. आई लवकर गेली आणि मुलगा घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे शिक्षकी, कीर्तन-प्रवचने, ग्रंथसंपादन अशी कामे करीत ते गावोगाव भटकत राहिले. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम मिळाले. जातिभेदाने विस्कटलेल्या समाजाला एकत्र आणील असा धर्म कोणता, या प्रश्नाने त्यांना याच काळात ग्रासले होते.

१८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्या वाचनातून जे मंथन सुरू झाले त्याची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत घेतलेल्या बाप्तिस्म्यात झाली. मनुष्यमात्र ईश्वराची प्रतिमा आहे, या ख्रिस्ती श्रद्धेत टिळकांना आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडले. ही श्रद्धा स्वीकारली की समोरच्याचा मान राखणे हा शिष्टाचार उरत नाही. ते उपासनेचेच एक अंग ठरते.

या श्रद्धेची पहिली कसोटी घरातच लागली. पतीच्या निर्णयात लक्ष्मीबाईंना काहीच वाव मिळाला नव्हता. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या स्त्रीवर वियोग आणि लोकनिंदा एकदमच कोसळली. मानवमात्राच्या प्रतिष्ठेचा शोध घेणाऱ्या टिळकांनी सर्वांत जवळच्या व्यक्तीला हे दुःख दिले. चरित्रकाराला ही विसंगती झाकता येणार नाही. मात्र काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) त्यांच्याकडे परतल्या, तेव्हा टिळकांनी त्यांचा वेगळा स्वयंपाक आणि त्यांचे सोवळे मान्य केले. धर्म बदलण्याची सक्ती त्यांनी केली नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई आपल्याच विचाराने पोहोचल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतरही टिळकांचा संताप आणि हातचे देऊन टाकण्याची वृत्ती यांची झळ संसाराला लागतच राहिली. तरीही, जिला शालेय शिक्षण जवळजवळ लाभले नव्हते त्या पत्नीला त्यांनी लिहितेवाचते केले आणि तिच्या कवित्वाला उत्तेजन दिले, हेही तितकेच खरे. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे दोन्ही टिळक भेटतात.

दुसरी कसोटी सोडून आलेल्या परंपरेची होती. नव्या धर्माच्या उत्साहात जुन्याची निंदा करणे सोपे होते. टिळकांनी तो मार्ग सोडला. तुकारामांचे अभंग त्यांना ख्रिस्ताकडे येताना वाटेतल्या पुलासारखे वाटले. अभंग, भजन आणि कीर्तन यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून दिले. परिणामी मराठी ख्रिस्ती मंडळीला पाश्चात्त्य चालींच्या बरोबरीने आपल्या मातीतले सूर लाभले. त्यांच्या घरात राहिलेल्या बालकवींवर या दांपत्याने माया केली. त्यासाठी बालकवींना आपला धर्म बदलावा लागला नाही.

तिसरी कसोटी स्वतःच्या मंडळीतली. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. मिशनऱ्यांविषयी त्यांना कृतज्ञता होती. तथापि देणारा आणि घेणारा असे नाते जेथे निर्माण होते तेथे आदर टिकत नाही, हे त्यांना जाणवत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले व संन्यस्त वृत्ती पत्करली. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ या कल्पनेतून त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना एका पंक्तीत बसवू पाहिले.

हा प्रयोग रुजण्यास अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाला, ख्रिस्ती दफनाची रूढी बाजूला ठेवून, अग्नी देण्यात आला. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि १९३८ मध्ये, त्यांच्याही पश्चात, ते प्रसिद्ध झाले. ज्या पत्नीला न विचारता टिळकांनी आपली वाट धरली होती, तिनेच त्यांचे महाकाव्य पुढे लिहावे, यात त्यांच्या आदरधर्माचे यश आणि त्याची मर्यादा ही दोन्ही दिसतात. टिळकांच्या कवितेचा अभ्यास करताना फुलांमुलांच्या कोवळिकीइतकेच या कष्टाने मिळविलेल्या आदराकडेही लक्ष देणे आवश्यक आहे.