प्रौढ वयात परमुलुखी आरंभ : मिस सिंथिया फॅरार यांचे चरित्र



आमच्या खांदेश्वराच्या आसपासच्या मंडळ्यांत हल्ली एक प्रश्न वारंवार कानी येतो. कोणाचा मुलगा आखाती देशांत नोकरीस असतो, कोणाची मुलगी लग्न होऊन समुद्रापार गेलेली असते. ती मुले आईबापांस कायमचे आपल्याकडे बोलावितात. आईबाप मात्र उंबरठ्यावर घुटमळतात. पन्नाशी साठी उलटल्यावर नवी भाषा जिभेवर कशी बसावी, नव्या मंडळीत आपणांस कोण ओळखील, आणि मुख्य म्हणजे आपल्या हातून तेथे काही काम तरी होईल काय, ह्या चिंतेने त्यांचे मन खचते. परदेशाची गोष्ट दूरच राहो. ज्या उपदेशकाने वीस वर्षे एका खेड्यात काढली, त्यास दुसऱ्या जिल्ह्यात बदलीचे पत्र आले की त्याच्याही मनाची अशीच अवस्था होते.

अशा प्रसंगी आपण अब्राहामाचे स्मरण करितो. हारान सोडून निघाला त्या वेळी तो ७५ वर्षांचा होता, हे शास्त्रात स्पष्ट लिहिले आहे. परंतु अब्राहाम फार प्राचीन काळचा, असे म्हणून पुष्कळ जण ते उदाहरण बाजूस सारितात. म्हणून आज आम्ही आपल्याच मराठी मुलुखात घडलेले एक उदाहरण वाचकांपुढे ठेवितो. ज्या बाईंचे हे चरित्र आहे त्यांचे नाव महात्मा फुले यांच्या चरित्रात हटकून येते. तथापि त्या कोण, कोठून आल्या आणि किती वयात आल्या, हे आपल्यातील थोड्यांसच ठाऊक असते.

सिंथिया फॅरार यांचा जन्म २० एप्रिल १७९५ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात मार्लबरो या गावी झाला. तो प्रांत थंडीचा व डोंगराळ. तेथील लोक कष्टाळू आणि धर्मनिष्ठ. वयात आल्यावर त्यांनी शाळेत शिकविण्याचे काम पत्करिले. लग्न केले नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे अशा स्त्रीचे आयुष्य तिशीनंतर ठरून गेल्यासारखेच असे. गावची शाळा, भावाबहिणींची मुले, रविवारची उपासना, एवढेच तिचे जग. त्याहून निराळे काही घडेल अशी अपेक्षा कोणी बाळगीत नसे.

इकडे मुंबईस अमेरिकन मिशनचे काम १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांनी आरंभिले होते. मुलांच्या शाळांबरोबर १८२४ साली मुलींची पहिली शाळा निघाली. मुलींनी लिहावे वाचावे ही गोष्टच तेव्हा लोकांस विपरीत वाटे. शाळा चालविणाऱ्या मिशनरींच्या पत्नी स्वतःची मुलेबाळे व दुखणी सांभाळून हे काम करीत. त्यांतच १८२६ च्या मार्च महिन्यात गॉर्डन हॉल नाशिकच्या बाजूस फिरतीवर असता पटकीच्या दुखण्याने मरण पावले. माणसे अपुरी पडू लागली. मुलींच्या शाळांवर देखरेख ठेवील अशी एक स्वतंत्र शिक्षिका धाडावी, अशी निकड बोस्टन येथील अमेरिकन बोर्डास भासली. लग्न न झालेल्या स्त्रीस एवढ्या दूर पाठविण्याची वहिवाट तेव्हा जवळजवळ नव्हती. बोर्डाने ज्या पहिल्या काही अविवाहित स्त्रियांस समुद्रापार धाडिले त्यांत मिस फॅरार यांची गणना होते. त्यांस विचारणा झाली, आणि त्यांनी होकार दिला. त्या वेळी त्यांचे वय ३२ वर्षांचे होते.

आजच्या वाचकास ३२ हे वय मोठे वाटणार नाही. परंतु त्या काळी आपल्याकडील स्त्री त्या वयात सासू झालेली असे, आणि परदेशी जाणाऱ्या मिशनरींपैकी बहुतेक जण शिक्षण संपताच, पंचविशीच्या आतबाहेर निघत. शिवाय प्रवास कसा होता तेही पाहावे. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. तो पुढे १८६९ साली खुला झाला. शिडाच्या जहाजाने सगळ्या आफ्रिका खंडास वळसा घालून यावे लागे. १८२७ च्या जून महिन्यात मिस फॅरार आपल्या सोबत्यांसह बोस्टनहून निघाल्या आणि कलकत्त्यावरून मुंबईस पोहोचल्या तेव्हा डिसेंबर सरत आला होता. सुमारे सात महिने पाण्यावर व वाटेवर गेले. आज आमच्या खांदेश्वराजवळच विमानतळ उभा राहिला आहे, आणि तेवढ्याच अंतरास एक दिवस पुरतो. तरीही आपली पावले जड होतात.

मुंबईस आल्यावर पहिली अडचण भाषेची. मोल्सवर्थ यांचा प्रसिद्ध मराठी कोश १८३१ साली छापला गेला, आणि दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली बाहेर आले. म्हणजे मिस फॅरार मुंबईस उतरल्या तेव्हा ही दोन्ही साधने अस्तित्वात नव्हती. तिसाव्या वर्षापर्यंत ज्यांनी दुसऱ्यांस अक्षरे शिकविली, त्यांस आता स्वतः विद्यार्थिनी होऊन अ आ इ ई पासून आरंभ करावा लागला. आमच्या मते परक्या देशातील खरी परीक्षा येथेच होते. तरुण मनुष्य चुकला तर हसून सोडून देतो. प्रौढ मनुष्यास मात्र चुकण्याची लाज वाटते, आणि लाजेपायी तो मुका राहतो. मिस फॅरार मुक्या राहिल्या नाहीत. त्यांनी मराठी आत्मसात केली आणि दहा वर्षे मुंबईतील मुलींच्या शाळांची देखरेख केली.

हे काम वरून दिसते तसे सोपे नव्हते. मुलगी चार अक्षरे शिकू लागली की तिचे लग्न होई व ती शाळेतून जाई. कोणी आईबाप मुलीस पाठविण्यास तयार झाले तर शेजारी त्यांस नावे ठेवीत. शहरात कोणी ख्रिस्ती झाल्याची वार्ता पसरली की एका दिवसात शाळा ओस पडे, आणि पुन्हा दारोदार हिंडून मुली गोळा कराव्या लागत. ज्याने पेरिले त्याने कापणीही पाहावी, असे समाधान ह्या कामात क्वचितच मिळे.

अशा श्रमांत व मुंबईच्या दमट हवेत त्यांची प्रकृती ढासळली. १८३७ साली त्यांस अमेरिकेस परत जावे लागले. आता वाचकांनी क्षणभर त्यांच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. दहा वर्षे सेवा झाली होती. शरीर थकले होते. वय चाळिशीपलीकडे गेले होते. ओळखीची माणसे, आपली भाषा, आपली हवा, सर्व काही जवळ होते. त्या तेथेच राहिल्या असत्या तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. उलट मंडळीने सन्मानाने आसन दिले असते.

परंतु थोडी शक्ती येताच त्या पुन्हा जहाजावर चढल्या. १८३९ साली त्या दुसऱ्यांदा हिंदुस्थानात आल्या, आणि ह्या खेपेस त्यांची नेमणूक मुंबईस नव्हे, तर अहमदनगरास झाली. हे शहर आता अहिल्यानगर ह्या नावाने ओळखले जाते. तेथे अमेरिकन मिशनचे काम १८३१ साली सुरू झालेले होते. मुंबईतील परिचयाची घरे, आपण वाढविलेल्या शाळा, तेथे मिळविलेला लोकांचा विश्वास, हे सर्व मागे ठेवून ४४ व्या वर्षी त्यांस पुन्हा नवखेपणा पत्करावा लागला.

त्या काळी रेल्वे नव्हती. मुंबईहून पुण्याच्या वाटेने देशावर जाणारे प्रवासी मचव्यात बसून पनवेलच्या बंदरास उतरत आणि तेथून बोरघाट चढत. घाटातील गाडीरस्ता १८३० साली झाला, तेव्हापासून ती वाट पुष्कळ सोयीची झाली. आम्ही खांदेश्वरचे लोक त्याच पनवेलच्या शेजारी राहतो. आज त्या बंदरावर पूर्वीची वर्दळ नाही. परंतु खाडीचे पाणी पाहिले म्हणजे, आपली पेटी उतरवून घेऊन घाटाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या त्या काळच्या वाटसरूंची आठवण आम्हांस होते.

नगरास मिस फॅरार यांनी मुलींच्या शाळा चालविल्या, आणि पुढील आयुष्य त्याच कामात घालविले. मुंबईच्या दहा वर्षांचा अनुभव येथे उपयोगी पडला. मराठी तोंडात बसलेली होती. मुली शाळेतून का जातात, आईबापांचे मन कशाने वळते, पंतोजीकडून काम कसे करून घ्यावे, हे त्यांस ठाऊक झाले होते. म्हणजे गाव नवे असले तरी हात रिकामे नव्हते. देव मनुष्यास एका ठिकाणाहून उठवितो तेव्हा त्याचे शिकलेले शहाणपण तेथे ठेवून घेत नाही. ते तो बरोबर देतो.

आता ह्या चरित्रातील सर्वांत विलक्षण गोष्ट सांगतो. १८२७ सालच्या डिसेंबरात मिस फॅरार मुंबईस उतरल्या. त्याच वर्षी ११ एप्रिल रोजी जोतीराव फुले यांचा जन्म झाला होता. एकवीस वर्षे लोटली. १८४८ साली तरुण जोतीराव आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह नगरास आले व त्यांनी मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. मुली नीटनेटक्या बसून वाचीत लिहीत आहेत, हे दृश्य त्यांच्या मनात खोल रुजले. त्याच वर्षी पुण्यास बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढिली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण नगरास मिस फॅरार यांच्या संस्थेत घेतले, असे चरित्रकार लिहितात. पुढे त्या दोघांनी मुलींसाठी व ज्यांस गावाने वेशीबाहेर ठेविले होते त्यांच्या मुलांसाठी जे केले, ते सर्व महाराष्ट्रास विदित आहे.

हे लक्षात घ्यावे की जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मिस फॅरार यांच्या शाळांतून थोड्याच मुलींनी उघडपणे प्रभूचा स्वीकार केला असेल. केवळ बाप्तिस्म्यांची यादी पुढे घेऊन बसणाऱ्यास हे आयुष्य फारसे फलदायी वाटणार नाही. परंतु ज्या बीजाचा वृक्ष झाला ते कोणत्या हाताने पडले हे पाहिले, तर ती नगरची लहानशी शाळा महाराष्ट्राच्या इतिहासातून पुसता येणार नाही. आणि ती शाळा, ४४ व्या वर्षी आता आपल्याकडून काय व्हावयाचे, असे म्हणून जी बाई घरी बसली नाही, तिची होती. जोतीराव जेव्हा त्या शाळेच्या दारात उभे राहिले तेव्हा मिस फॅरार ५३ वर्षांच्या होत्या.

त्यानंतरही त्यांनी जवळजवळ चौदा वर्षे काम केले. २५ जानेवारी १८६२ रोजी नगर येथेच त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. ज्या भूमीत त्या परक्या म्हणून उतरल्या होत्या, त्याच भूमीने त्यांस आपल्या कुशीत घेतले. पहिल्यांदा बोस्टनचा किनारा सोडिल्यास तोवर ३४ वर्षे झाली होती.

ह्या चरित्रावरून आपण काय घ्यावे? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली ही की नव्या देशात गेल्यावर भाषा शिकण्याची लाज धरू नये. नातवंडाजवळ बसून त्याच्या पुस्तकातील चार शब्द शिकणाऱ्या आजोबांस कोणी हसले तर हसू द्यावे. दुसरी ही की हातास काम पाहिजे. मुलांच्या घरी केवळ पाहुणा म्हणून बसणारा वृद्ध लवकर खंगतो. आजाऱ्यांची विचारपूस, लहानांस शास्त्रातील गोष्टी सांगणे, तेथे भेटणाऱ्या मराठी कुटुंबांस प्रार्थनेस एकत्र करणे, असे काही नेमाचे काम त्याने मागून घ्यावे. तिसरी ही की आपण मागे जे सोडितो त्याचा शोक करावा, परंतु त्यास वतन समजून कवटाळून बसू नये. मिस फॅरार यांस मुंबई प्रिय नव्हती असे नाही. परंतु त्यांनी नगरास मुंबईचे रडगाणे गायिले असते, तर तेथील मुली कोणी शिकविल्या असत्या?

ह्याचा अर्थ प्रत्येकाने उठून परदेशी जावे असा मुळीच नाही. कोणास प्रकृती आड येते, कोणाच्या अंगावर गावच्या मंडळीची जबाबदारी असते. नामी वृद्धपणी मवाबातून बेथलेहेमास परत गेली आणि रूथ आपला देश सोडून तिच्याबरोबर आली. एकीस परत जाण्याचे बोलावणे होते, दुसरीस निघण्याचे. बोलावणे कोणते हे प्रार्थनेने व घरच्यांशी मोकळेपणाने बोलून ठरवावे. मात्र केवळ वय झाले हे कारण पुढे करून ते ठरवू नये. प्रभूच्या द्राक्षमळ्यात अकराव्या ताशीही मजुरांस काम मिळाले होते.

आणि जे मागे राहतात त्यांस आमची विनंती एवढीच, की निघालेल्या वडील माणसास निरोप देताना त्याची कीव करू नये. त्यास मंडळीपुढे उभे करून, सेवेस धाडिल्याप्रमाणे त्याच्यासाठी प्रार्थना करावी. मग तो परमुलुखी निर्वासितासारखा न जाता धाडिलेल्या सेवकासारखा जाईल. आणि तेथे कोणत्या जोतीरावाची पावले त्याच्या दाराशी थबकतील, हे एक प्रभूच जाणतो.