रक्तातले लोह रंगावरून कसे कळते? कमला सोहोनींची गोष्ट

धडगाव, अक्कलकुव्यात गरोदर महिलेचे हिमोग्लोबिन तपासले की हाती एक आकडा येतो. ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय. हा आकडा येतो कुठून? रंगातून. प्रयोगशाळेतल्या ड्रॅबकिन पद्धतीत रक्त एका द्रावणात मिसळून त्यातून ५४० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडतात. प्रकाश जितका जास्त शोषला जाईल, तितके हिमोग्लोबिन जास्त. १ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये लोह जेमतेम ३.४ मिलिग्रॅम असते. पण रक्ताचा लाल रंग लोह धरून ठेवणाऱ्या 'हीम' या घटकामुळेच असतो. (सिकलसेल मात्र या आकड्यावरून कळत नाही. त्याची चाचणी वेगळी.)

लोह असलेल्या अशाच एका रंगीत प्रथिनाने कमला सोहोनींना केंब्रिजची पीएच.डी. मिळवून दिली.

कमला या माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून तो नाकारला. प्रकाशावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेल्या माणसाला एवढे साधे दिसू नये, याचे आजही नवल वाटते. कमला हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे मुलींसाठी संस्थेचे दार उघडले.

केंब्रिजमध्ये त्यांना रॉबिन हिल यांच्याकडे काम करता आले. पेशींतले 'सायटोक्रोम' कोणत्या रंगाचा प्रकाश शोषते, ते वर्णपटात पाहून डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये ते ओळखले होते. सायटोक्रोम अगदी अल्प असले तरी वर्णपटात गडद पट्टे उमटतात. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असल्याचे दाखवले. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा ४० पानांचा!

परदेशात न थांबता त्या परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. पुढे तिथल्या संचालकही झाल्या. मुंबईत त्यांनी कडधान्यांबरोबर नीरेवर काम केले. नीरेत लोह आणि जीवनसत्त्वे असल्याचे दिसले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर महिलांना ती दिल्यावर तब्येत सुधारली. नीरा लवकर आंबते, त्यामुळे साठवता येत नाही. पण ती आटवून केलेल्या गुळातही हे घटक टिकतात, असे त्यांच्या कामातून दिसले. या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.