बोगनवेलीमागची झान

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्व भागात उन्हाळा सुरू झाला की बहुतेक झाडे मान टाकतात. बोगनवेल मात्र त्याच दिवसांत बहरते. पाणी बेताचे मिळाले तर तिला अधिक बहर येतो, म्हणूनच माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंतच्या कोरड्या मुलखात ती कुंपणावर सहज तग धरते. तिचा किरमिजी वा जांभळा रंग फुलाचा नसतो. ती रंग पालटलेली पाने म्हणजे छदे असतात आणि खरे फूल त्यांच्या मधोमध इवलेसे, पांढरट असते.

या वेलीला नाव मिळाले ते फ्रेंच दर्यावर्दी लुई आंत्वान द बुगँव्हिल याचे. मराठीने त्यातील 'व्हिल'ची 'वेल' करून हे नाव आपलेसे केले. परंतु ती शास्त्राच्या नोंदीत येण्यामागे बहुधा जिचे कष्ट होते, ती झान बारे दीर्घकाळ विस्मृतीतच राहिली.

झानचा जन्म फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील ला कोमेल या खेड्यात १७४० मध्ये एका गरीब श्रमिक कुटुंबात झाला. पुढे ती वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमेर्सों याच्याकडे घरकामाला राहिली. पत्नीच्या निधनानंतर एकाकी झालेल्या कॉमेर्सोंची ती सहचारिणी झाली आणि त्याच्या संशोधनातली मदतनीसही.

बुगँव्हिलच्या पृथ्वीप्रदक्षिणेसाठी कॉमेर्सोंची निवड झाली. पण फ्रेंच आरमाराच्या जहाजांवर स्त्रियांना बंदी होती. तेव्हा झानने पुरुषवेष धारण केला आणि ती कॉमेर्सोंचा नोकर म्हणून 'एत्वाल' या जहाजावर चढली. फेब्रुवारी १७६७ मध्ये जहाजाने फ्रान्सचा किनारा सोडला. त्या काळी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती रामराजे होते आणि पुण्यात थोरले माधवराव पेशवे कारभार पाहत होते.

त्याच वर्षी जहाजे ब्राझीलमधील रिओ द जानेरोला पोहोचली. कॉमेर्सोंच्या पायाची जखम चिघळली होती, त्यामुळे डोंगर-रानांत हिंडण्याचे काम बव्हंशी झानवर पडले. वनस्पती दाबून ठेवण्याच्या अवजड चौकटी, शिधा आणि हत्यारे ती स्वतः वाहत असे. पुढे मॅगेलनच्या सामुद्रधुनीतील कडाक्याच्या थंडीतही तिने हेच काम केले. रिओच्या परिसरात गोळा झालेल्या नमुन्यांत एक रंगीत वेल होती. कॉमेर्सोंने तिला मोहिमेच्या प्रमुखाचे नाव दिले. १७८९ मध्ये ज्युसिए या शास्त्रज्ञाने ते ग्रंथात प्रसिद्ध केले.

एप्रिल १७६८ मध्ये ताहिती बेटावर झानचे गुपित फुटले, असे बुगँव्हिलने आपल्या वृत्तांतात नोंदवले. जहाजावरील इतरांच्या नोंदींत मात्र वेगळ्या हकिगती आढळतात. त्या वर्षाच्या अखेरीस ती आणि कॉमेर्सों मॉरिशसला उतरली आणि तेथेच राहिली. एकोणिसाव्या शतकात याच बेटावर मराठी मजूर जाऊन स्थिरावले. १७७३ मध्ये कॉमेर्सोंचे निधन झाले आणि परक्या बेटावर झान निराधार झाली. तिने पोर्ट लुईस येथे मद्यालय चालवून गुजराण केली. १७७४ मध्ये झां द्युबेर्ना या फ्रेंच सैनिकाशी तिचा विवाह झाला आणि १७७५ च्या सुमारास ती मायदेशी परतली. जलमार्गाने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री हा मान तिच्याकडे जातो. पण तिच्या स्वागताला कोणी आल्याची नोंद नाही.

१७८५ मध्ये फ्रेंच सरकारने तिच्या धैर्याची दखल घेऊन तिला वार्षिक २०० लिव्हरचे निवृत्तिवेतन दिले. ५ ऑगस्ट १८०७ रोजी वयाच्या ६७ व्या वर्षी तिचे निधन झाले. त्या मोहिमेतून जमलेले हजारो नमुने पॅरिसच्या संग्रहालयात गेले आणि सत्तरहून अधिक जातींना कॉमेर्सोंचे नाव लाभले. त्याने एका प्रजातीला झानचेही नाव दिले होते. पण ते शास्त्रीय वर्गीकरणात टिकले नाही.

बोगनवेल १८६० च्या सुमारास भारतात आली आणि पुढे देशभर पसरली. झानला मात्र २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर व पेरू या देशांत आढळणाऱ्या, बटाटा आणि वांग्याच्या प्रजातीतील एका वेलीला संशोधकांनी 'सोलानम बारेटिए' असे नाव दिले. मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी वनस्पतींच्या यादीत झानची नोंद झाली.