मजूरमंत्री बाबासाहेब आणि आपलं विम्याचं कार्ड

विहाराची स्मरणिका निघते तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांवर लेख असतोच. घटना, चवदार तळं, धम्मदीक्षा यांवर जाणकार मंडळी लिहितात आणि ते योग्यच आहे. आम्ही गिरणीत घाम गाळलेली माणसं. आमच्या खिशात ई.एस.आय.चं कार्ड आणि पेटीत फंडाच्या चिठ्ठ्या. दवाखान्यात केसपेपर काढताना हे कार्ड आलं कुठून, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. म्हणून बाबासाहेबांच्या चरित्रातली तेवढीच बाजू इथे मांडत आहोत.

सुरुवात पेन्शनपासून करावी लागते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूला बाबासाहेबांचा जन्म झाला, तेव्हा वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. बाबासाहेब लहान असतानाच ते निवृत्त झाले. पुढे सातारा, मग मुंबईत परळची चाळ. ओढाताण होतीच, पण महिन्याच्या महिन्याला सरकारचं ठरलेलं पेन्शन घरात येत होतं. त्या आधारावर पोरगा १९०७ साली मॅट्रिक झाला. आपल्या किती घरांत त्या वेळी असा पैसा येत होता? आणि तेही दार लगेच लागलं. १८९० नंतरच्या वर्षांत सरकारने महारांची लष्करभरती थांबवली. सरकारी नोकरी गेली की पेन्शन गेलं आणि पेन्शन गेलं की पोरांची शाळा गेली. बाबासाहेबांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं, घरात पाहिलं होतं.

अमेरिका आणि लंडनच्या शिक्षणाची हकीकत सर्वांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. एकच गोष्ट नोंदवतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते १९२० नंतर शिकत होते तेव्हा तिथले संचालक विल्यम बेव्हरिज होते. याच बेव्हरिज साहेबांनी १९४२ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या सामाजिक विम्याचा प्रसिद्ध अहवाल दिला.

१९२७ पासून बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात होते. १९२८ साली तिथे गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी असं बिल आलं. मालकांच्या बाजूची ओरड ठरलेली, की आमच्यावर बोजा कशाला? बाबासाहेबांनी बिलाला पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं, की आईची आणि मुलाची काळजी हे मुळात सरकारचं काम आहे आणि खर्चाचा मोठा भाग सरकारनेच उचलला पाहिजे. पण सरकार उचलत नाही तोवर मालकाला सुटता येणार नाही, कारण त्या बाईच्या श्रमातून नफा तोच घेतो. १९२९ साली कायदा झाला. सरकारने किती द्यायचं आणि मालकाने किती, हा आज चाललेला वाद बाबासाहेबांनी तेव्हाच इतका सरळ मांडला होता. त्याआधी दोनच वर्षं त्यांचा राजरत्न गेला होता, हे माता-भगिनींनी ध्यानात घ्यावं.

त्याच १९२८ साली मुंबईत सहा महिन्यांचा गिरणी संप झाला. साचेखात्यात पगार चांगला, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागे आणि आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. सुताला विटाळ नाही, कापडाला विटाळ नाही, धोट्याला मात्र विटाळ! आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांतच अडकून पडली. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, की ही बंदी उठवण्याची मागणी यादीत घाला, नाहीतर आमचा पाठिंबा धरू नका. मग ती मागणी यादीत आली. फंड, रजा, विमा या गोष्टी पगाराच्या मापाने मिळतात. पगारच खालचा तर पुढचं सगळं खालचं, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता.

१९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या काळ्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. आणि जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्याच वर्षी सुरू झाल्या.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. पुढच्याच महिन्यात वटहुकूम निघाला, की खाणीबाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर घ्यायचा आणि त्यातून मजुरांसाठी दवाखाने, पाणी, घरं करायची. खाण खाजगी, पण निधी सरकारच्या हातात. याच काळातली एक गोष्ट आम्हाला बोचते. लढाईत कोळसा कमी पडला म्हणून १९४३ साली बायांना जमिनीखाली कामाला लावण्याची बंदी उठवली गेली आणि खातं बाबासाहेबांचं होतं. त्यांनी बायांना पुरुषांइतकीच मजुरी हवी असा आग्रह धरला, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. तरी ही गोष्ट लपवू नये असं आमचं मत आहे.

ऑगस्ट १९४३ मध्ये त्यांच्या निवेदनानंतर केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी शेकडा ८.३३ जागा ठरल्या. रामजींच्या वेळी लागलेलं दार पन्नास वर्षांनी असं उघडलं. आपल्या वस्तीत ज्या घरी रेल्वेचं किंवा पोस्टाचं पेन्शन आलं, त्या घराची पुढची पिढी कुठे गेली ते बघा.

पण खाजगी कारखान्यातल्या माणसाचं काय? मार्च १९४३ मध्ये मजूर खात्याने प्रा. बी. पी. अडारकर यांना आजारपणाच्या विम्याची योजना करायला बसवलं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. सुरुवात कापड, इंजिनिअरिंग, खनिज व धातू या तीन धंद्यांपासून सुचवली होती. कामगाराने वर्गणी द्यायची, मालकाने द्यायची, आणि आजारात औषध व रोख मदत हक्काने घ्यायची. मालकाच्या मर्जीवर काही नाही, भीक नाही. १९४४ सालीच डी. व्ही. रेगे यांची समिती कामगारांच्या मजुरीची, घरांची पाहणी करायला नेमली गेली. १९४५ च्या कायद्याने वर्षभर काम केलेल्या कारखाना कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली.

इथे एक खुलासा. जयंतीच्या फलकांवर चौदा तासांचे आठ तास बाबासाहेबांनी केले असं लिहितात. ते बरोबर नाही. बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तासांची मर्यादा आधीपासून होती, ती एप्रिल १९४६ मध्ये बाबासाहेबांच्या बिलाने ४८ वर आली. फंडाचा १९५२ चा कायदाही त्यांच्या मंत्रिपदानंतरचा. विम्याचं बिल १९४६ च्या नोव्हेंबरात आलं तेव्हा त्यांनी मजूर खातं सोडलं होतं, आणि १९४८ साली कायदा झाला तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. पाया मात्र बाबासाहेबांच्या खात्यातच घातला गेला. खोटं श्रेय जोडलं की खरंही लोक खोटं समजतात.

जुलै २०१९ पासून या विम्यात कामगाराची वर्गणी पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के झाली. म्हणजे मोठा वाटा मालकाचा. आपली पोरं आज सिक्युरिटीत, कुरियरमध्ये, सफाईच्या ठेक्यावर आहेत. आमच्याच घरातल्या पोराच्या पगारातून एका ठेकेदाराने वर्षभर पैसे कापले आणि भरलेच नाहीत. पोरांनो, पहिल्या पगारालाच विमा नंबर आणि फंड नंबर मागून घ्या, लाजू नका.

मार्च १९४७ मध्ये घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी पुढची पायरी मांडली होती. विम्याचा धंदा सरकारच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ माणसाचा त्याच्या मिळकतीप्रमाणे सक्तीने आयुर्विमा असावा. हे सगळं घटनेतच पक्कं लिहावं, असं त्यांना वाटत होतं. तसं झालं नाही. बेकारी, आजार, म्हातारपण यांतली मदत आणि बाळंतपणाची सोय ४१ व ४२ या कलमांत आली, पण ती मार्गदर्शक तत्त्वं म्हणून. त्यांच्यासाठी कोर्टात जाता येत नाही.

१९५१ साली त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईतून, याच गिरणगावच्या शहरातून, ते लोकसभेला पडले. पुढच्याच महिन्यात, २४ फेब्रुवारीला, कानपूर आणि दिल्लीत कामगार विमा योजना सुरू झाली. १९५६ साली आयुर्विम्याच्या खाजगी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली, आणि ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवरच्या अंत्ययात्रेत गिरण्यांचे कामगार लाखांनी होते.