टॉलस्टॉय आणि लांडगा

टॉलस्टॉय म्हटलं की गांधीजींशी पत्रव्यवहार करणारे दाढीवाले ऋषीच डोळ्यांसमोर येतात. पण १८२८ साली यास्नाया पोल्याना इथे जमीनदार घराण्यात जन्मलेला हा माणूस तरुणपणी पक्का शिकारी होता, बरं का!

'वॉर अँड पीस' (१८६९) वाचताना मी लांडग्याच्या शिकारीपाशीच थांबलो. सुमारे १३० कुत्री, २० घोडेस्वार! वासावर माग काढणारी कुत्री लांडग्याला रानातून उठवतात, मग बोर्झोई जातीची सडपातळ, वेगवान कुत्री त्याला माळावर गाठून दाबून धरतात. शेवटी म्हातारा लांडगा जिवंत बांधला जातो. स्वतः शिकार केल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

पुढे १८८० च्या दशकात याच माणसानं शिकार सोडली, मांसाहारही सोडला. १८९० मध्ये मित्र चेर्तकोव्ह यांच्या शिकारविरोधी लेखाला प्रस्तावना लिहिली. १९१० मध्ये ते गेले. १९१७ च्या क्रांतीनंतर जमीनदारांचे कुत्र्यांचे ताफेही संपले. आज बोर्झोई दिसतो तो बहुतेक घरात नाहीतर श्वानप्रदर्शनात.

इतरांची शिकार क्रांतीनं बंद पाडली, टॉलस्टॉयनी स्वतःची आधीच थांबवली होती. मित्रांनो, हातखंडा असलेली, मनापासून आवडणारी गोष्ट आपणहून सोडणं, मला तरी हे लांडगा पकडण्याहून अवघड वाटतं.